बॅटरी कोण पितंय

मी बटण दाबलं. समोरचा पडदा एकदा लुकलुकला, कुठूनतरी टिकटिक आली आणि गाडी गप्प झाली. पुन्हा दाबलं. या वेळी टिकटिकसुद्धा नाही.

मागच्या सीटवर बाबांना बसवून आई त्यांच्या उजव्या पायातली चप्पल सरळ करत होती. तिनं मान वर केली.

"गेली का पुन्हा?"

"गेली."

"तरी मी म्हणत होते, विकून टाक ती बया. दिसायला गोरीगोमटी आणि ऐन कामाच्या वेळी डोळे पांढरे करणार."

बाबांनी तोंड उघडलं. ओठ पुढं आले, गळ्याची शीर ताठ झाली. "ग... ग..."

"गाडी," आई म्हणाली. "हो, गाडीच बंद पडलीय. आपण रिक्षानं जाऊ."

"गरम होतंय म्हणत असतील," मी म्हणाले आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

बाबांनी तोंड मिटलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळलं नाही, आणि कळलेलं नाही हेही कळलं नाही. आम्ही दोघी रिक्षा बघायला रस्त्यावर गेलो.

ही गोष्ट बरीच जुनी. तेव्हा कराडात हायब्रिड गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. माझी पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली होती. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही तिच्यातच. चार्जिंगला लावायची भानगड नाही, चालता चालता स्वतःच स्वतःला भरते, पेट्रोल निम्मं लागतं. मी भूगोलाची प्राध्यापिका, असल्या गोष्टींना लगेच भुलते. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि ते व्हावं ही चर्चाही घरात एव्हाना थकली होती, त्यामुळे साठवलेले पैसे कुठं घालायचे हा माझ्यापुरता प्रश्न होता. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. फक्त बाबा खूश झाले.

बाबा म्हणजे कराडच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. डुबल कंट्रोलर म्हटलं की पाटणपासून विट्यापर्यंतची माणसं अजून ओळख सांगायची, ती चेहऱ्याची नव्हे, आवाजाची. फलाटावरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज यायचा आणि पेंगणारी माणसं पिशव्या आवरून उभी राहायची. आयुष्यभर डिझेलचा खडखडाट ऐकलेला हा माणूस. माझ्या गाडीतून पहिल्यांदा घराबाहेर पडलो तेव्हा वळणापर्यंत त्यांना वाटत होतं की मी अजून गाडी सुरूच केलेली नाही. "ही गाडी आहे का मांजर?" ते म्हणाले होते, आणि दुसरी किल्ली मागून घेऊन शर्टाच्या खिशात ठेवली होती. तेव्हा ते बोलत होते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. हात थोडा परतला, पाय काठीपुरता परतला. वाचा मात्र कुठंतरी अडकून बसली. त्यांना सगळं समजायचं, शब्द आतपर्यंत यायचा आणि दाराशी थबकायचा. डॉक्टर म्हणाले, जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत यायचं, तेवढ्यात बोलायला लावा, सोडू नका. ते महिने संपत आले होते आणि बाबांनी प्रयत्न करणं जवळजवळ सोडून दिलं होतं. आमच्या घरात त्या दिवसांत एवढी एकच काळजी होती. गाडीचं दुखणं हे त्यावरचं मीठ.

त्या दिवशी रिक्षानं आम्ही पोचलो ते स्पीच थेरपिस्टकडे. मुलगी लहानखुरी, हसरी, मिरजेची होती. तिनं बाबांसमोर चित्रं धरली. गाय, घर, पंखा. मग आईकडं बोट दाखवून विचारलं, "काका, या कोण?"

बाबांनी आईकडं पाहिलं. ओठ हलले.

"मिसेस. शालन दत्ताजी डुबल," आई म्हणाली.

"काकू, त्यांना बोलू द्या."

"हो हो, मी कुठं बोलतेय." आईनं पदर तोंडावर धरला. बाबांच्या गळ्यातून "श" सारखं काहीतरी आलं, आणि आईचा पदर लगेच खाली आला. "अगं बाई, ते नाहीच घेणार माझं नाव. चांगले होते तेव्हा घेतलं नाही. कायम 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही यांच्या चुलत्यांनी दार अडवून धरलं म्हणून. तू दुसरं काहीतरी विचार त्यांना."

थेरपिस्ट हसली, मी हसले. बाबा हसले नाहीत. परतताना त्यांनी रिक्षातून सबंध वेळ बाहेर पाहिलं.

गाडी टोचन लावून साताऱ्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्याआधी दोनदा तिची छोटी बॅटरी बदलून झाली होती. या गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, मागच्या सीटखाली, तिच्यावर गाडी पळते. दुसरी छोटी, साध्या गाडीत असते तसली, दिवे आणि बटणं जागी ठेवणारी. छोटी मेली की मोठी असून नसल्यासारखी, कारण तिला उठवणारं कुणी राहत नाही. हे मला तिथल्या टाय लावलेल्या मुलानं कागदावर चित्र काढून समजावलं. मग म्हणाला, सारखी छोटी उतरते आहे त्याअर्थी मोठीतच बिघाड असणार, मोठी बदलावी लागेल, आणि अंदाजपत्रक माझ्या हातात दिलं.

मी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"यात दुसरी गाडी येईल," मी म्हणाले.

"सेकंडहँड येईल, मॅडम," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

घरी हा आकडा सांगितला तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "एवढ्यात यांचा वर्षभराचा व्यायामवाला होतो," ती म्हणाली. "मी इस्लामपूरच्या थोरातला फोन करते. तो जुन्या गाड्या घेतो. रविवारी येऊन बघू दे."

बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "न... नऽ..."

"नको? जेवायचं नको?"

काठी पुन्हा आपटली.

"नव्वद हजार म्हणताय का? अहो, तेवढे कोण देणार तिला आता," आई म्हणाली. मी म्हटलं, "नवीन घेऊ म्हणतायत." आम्ही दोघी त्या 'न'मागं आळीपाळीनं शब्द लावत राहिलो. आमच्या घरात सगळेच तोंडाळ. पूर्वी बाबाही होते. कुणी वाक्य सुरू केलं की दुसऱ्यानं ते पुरं करायचं ही आमच्याकडं मायेची रीत होती, आणि बाबा आजारी पडल्यापासून ती माया फार वाढली होती. शेवटी त्यांनी खुर्ची भिंतीकडं वळवली.

मी हार मानण्याआधी एकदा फिरोजला गाडी दाखवायची ठरवली. फिरोज मुजावरचं गॅरेज हायवेच्या कडेला, गाड्यांची वायरिंग हेच त्याचं काम. हायब्रिड त्यानं फारशी हाताळली नव्हती, तसं त्यानं सांगितलंही. गाडीला उसनी बॅटरी लावून तो तासभर सगळीकडं मीटर टेकवत बसला. बॉनेट उघडताच नाक चोळत मागं सरकला.

"ह्ये काय, मॅडम? तंबाखू?"

"आईनं ठेवलीय. उंदरांसाठी. त्यांना वास चालत नाही म्हणे."

"उंदरांचं म्हाईत न्हाई, मला चालंना." तो शिंकला. "पर वायर कुठं कुरतडलेली न्हाई. मोठी बॅटरी बी मला तरी बरी वाटती. हितं येगळंच हाय. बॅटरी मेलेली न्हाई, मॅडम. कुनीतरी प्यालंय तिला."

"म्हणजे?"

"म्हंजे बटन चालू ऱ्हातंय. गाडी हुबी, इंजान बंद, आन आतलं समदं चालू. पंखा, टेप, पडदा. छोट्या बॅटरीचा जीव केवढा? घरात कोन बसतं का गाडीत?"

"कोण बसणार? मी दिवसभर स्कूटीवर कॉलेजात. गाडी शेडमध्ये. आईला दार उघडता येत नाही आणि बाबांना धड पायरी चढता येत नाही."

फिरोजनं डोकं खाजवलं. "मग गाडीतच कायतरी आपोआप चालू व्हतंय. आसं करा. ही नवी बॅटरी बसवतो. तुमी गाडी लावली की ही येवढी वायर ढिली करून काढून ठिवायची. गाडी काढताना लावायची. रविवारपतुर बघू. उतरली न्हाई तर मोठीला हात लावायचा न्हाई."

त्यानं पाना दिला, वायर काढायला शिकवलं. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायर जोडली, गाडी पहिल्या बटणाला जागी. तिसऱ्या दिवशीही. मी फिरोजला फोन करून शाबासकी दिली. घरात मात्र वेगळंच बिघडलं. बाबा जेवेनात. थेरपिस्टकडं जायची वेळ झाली तर त्यांनी काठी पलंगाखाली सरकवून दिली आणि डोळे मिटून पडून राहिले. आईनं दृष्ट काढली, खिमट केलं, माझ्याजवळ येऊन रडली. "हे आता सोडून देतायत गं," ती म्हणाली. "गेले महिनाभर जरा बरे वाटत होते. रोज दुपारी शेडमध्ये सावलीला जाऊन बसायचे, येताना तोंडावर तरतरी असायची. कालपासून तिथून येतात ते तोंड पाडून."

मी त्या वेळी फक्त "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींना नदीची वळणं समजावताना माझा हात फळ्यावर थांबला. रोज दुपारी शेडमध्ये. खिशात दुसरी किल्ली. महिनाभर. मी मुलींना नकाशा भरायला लावला आणि स्कूटी काढली.

आमची शेड म्हणजे घराच्या बाजूला चार खांबांवर टाकलेले पत्रे. मागच्या बाजूला धुणं धुवायचा दगड आणि कढीलिंबाचं झाड. आई आत झोपली होती. मी स्कूटी रस्त्यावरच लावून आत आले.

बाबा गाडीत होते. मागं नव्हे, पुढं, चालवणाऱ्याच्या जागेवर. ते तिथं कसे चढले देव जाणे. उजवा पाय अर्धा बाहेर लोंबत होता, काठी बॉनेटला टेकवलेली होती, आणि ते डाव्या हातानं बटण दाबत होते. वायर मी काढून ठेवलेली. गाडी मेलेली. ते दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते, जसा एखादा माणूस बंद घराची कडी वाजवत राहतो.

मला पाहून त्यांनी हात मागं घेतला. चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं. माझ्या तोंडावर आलेलं सगळं, म्हणजे पडला असता तर, पाय मोडला असता तर, आणि माझ्या तीन बॅटऱ्या, हे सगळं तिथंच राहिलं. मी बॉनेट उघडलं, पान्यानं वायर जोडली, बॉनेट लावलं. त्यांचा पाय उचलून आत ठेवला.

"बसा," मी म्हणाले. "मी आत जाते."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि डाव्या हाताची बोटं हलवून मला 'जा' म्हटलं. मी पायऱ्यांपर्यंत गेले, आणि तिथून घराला वळसा घालून धुण्याच्या दगडाशी आले. त्यांच्या बाजूची काच बोटभर उघडी होती.

आधी पंखा ऐकू आला. मग बाबांचा आवाज.

"कराडहून सुटणारी, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली मार्गे चिपळूणला जाणारी बस फलाटावर लागत आहे."

अडखळणं नाही, तुटणं नाही. कर्ण्यातला तोच भरदार आवाज, थोडा खाली उतरलेला. इतक्या महिन्यांत घरात आम्ही त्यांच्या तोंडून एक पुरं वाक्य ऐकलं नव्हतं, आणि इथं गावांमागून गावं सरळ निघाली होती. नंतर थेरपिस्टनं मला सांगितलं की असं होतं, वर्षानुवर्षं पाठ झालेलं आत कुठंतरी वेगळ्या कप्प्यात शाबूत राहतं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की बाबा परत आले.

मग स्टिअरिंगवरचं एक बटण वाजलं आणि गाडीतली बाई बोलली. या गाडीला आवाजानं हुकूम देता यायचा. 'कॉल' म्हणून नाव घेतलं की फोन लागायचा. गाडी घेतल्यावर मीच बाबांचा फोन तिला जोडून दिला होता, आणि सगळी नावं घालूनही दिली होती. नंतर मी स्वतः ते विसरले होते.

"से द नेम, प्लीज," ती म्हणाली.

"क... कॉल. श. शऽ."

"सॉरी. प्लीज रिपीट."

"श... शा..."

"सॉरी. प्लीज रिपीट."

"शा. ल. शाल."

"सॉरी. प्लीज रिपीट."

तो आवाज जरासुद्धा बदलत नव्हता. ती कंटाळत नव्हती, कीव करत नव्हती, पुढचा शब्द स्वतः टाकत नव्हती. बाबा थांबले की तीही थांबायची. बराच वेळ गेला तर बंद पडायची, मग बाबा पुन्हा बटण दाबायचे, पुन्हा कराड-पाटण-चिपळूणची घोषणा करायचे, लांब उडी मारणारा मागं जाऊन धावत येतो तसे, आणि त्या धावेवर ते नाव ओलांडायला बघायचे. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी पडायचे.

मी धुण्याच्या दगडावर बसून घेतलं. जन्मभर ज्यानं बायकोला 'अगं' म्हटलं तो माणूस महिनाभर रोज दुपारी तिचं नाव शिकत होता, एका इंग्रजी बोलणाऱ्या यंत्राकडून. कारण घरात त्याला शिकायला जागा नव्हती. घरात 'श' म्हटलं की 'शाल हवी का, थंडी वाजतेय का' असं आम्ही म्हणून मोकळ्या व्हायचो. मला रडू आलं आणि ते मी तिथंच रडून घेतलं.

आतून आईची हाक आली. "अहो, चहा टाकू का?" बाबा गडबडीनं दार उघडून काठी शोधू लागले. बटण तसंच चालू राहिलं. माझ्या बॅटऱ्या कोण पीत होतं ते कळलं.

मी पुढं होऊन त्यांना धरलं. आईला चहा टाकायला सांगितलं आणि बाबांना म्हणाले, "बाबा, ही गाडी नुसतं बटण दाबून नीट सुरू होत नाही. ब्रेक दाबून बटण दाबायचं. मग मोठी बॅटरी जागी होते आणि छोटीला भरत राहते. कितीही वेळ बसलात तरी उतरणार नाही."

त्यांनी उजव्या पायाकडं पाहिलं.

"डाव्यानं दाबा. मी चाकांना विटा लावते, हँडब्रेक ओढून ठेवते. गियरला तेवढा हात लावायचा नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी किती ऐकलं असेल याचा अंदाज घेत होते बहुतेक. मग ओठ पुढं आले. "ब..."

'बरं', 'बघू', 'बास', तिन्ही माझ्या जिभेवर आले. मी दात आवळून धरले. कढीलिंबावरचा कावळा उडून गेला, आत कपांचा आवाज झाला, रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"ब... बरं," बाबा म्हणाले. आणि मग डोळे बारीक करून, आईच्या दिशेनं मान झुकवून, ओठांवर बोट ठेवलं.

मी आईला काही सांगितलं नाही. तिथंच पंचाईत झाली. बाबा पुन्हा जेवायला लागले, बॅटरी उतरायची थांबली, फिरोजनं मोठी बॅटरी आणखी काही वर्षं सहज जाईल असं सांगितलं, पण आईचं मन त्या अंदाजपत्रकावरून हलेना. "आज उतरली नाही, उद्या उतरेल. तेव्हा काय विकणार आणि कुणाला? थोरातला मी शब्द दिलाय." का विकायची नाही हे मला सांगता येईना, आणि नुसतं "नको" म्हटलेलं आमच्या घरात कुणी ऐकत नाही.

रविवारी सकाळी थोरात आला. पांढरे कपडे, पांढरी टोपी, हातात दोन फोन, सोबत पेढ्यांचा पुडा. पोहे खाऊन झाल्यावर हात पुसत म्हणाला, "काकी, गाडी बघू. एक चक्कर मारून आलो की लगेच आकडा सांगतो. खोटं बोलायचं न्हाई आपण."

आम्ही शेडकडं वळलो आणि थांबलो. बाबा गाडीत बसलेले. काचा वर, दारं आतून बंद. समोरच्या पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

"अहो," आईनं काचेवर टकटक केली. "उतरा. पाहुणे आलेत गाडी बघायला."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"आता काय करावं या माणसाला. अहो, मोठी बॅटरी गेली तर एवढे पैसे कुठनं आणायचे? लहान मुलासारखं काय? वृषाली, तू सांग त्यांना."

थोरात अवघडून विटांकडं बघत होता. काचेआड बाबांनी डाव्या अंगठ्यानं स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. त्यांचे ओठ हलायला लागले. घोषणा नव्हती ती, ओठ मला आता ओळखू येत होते. आज त्यांनी धाव घेतलीच नाही. सरळ तिथंच उभे राहिले. एकदा. थांबले. पुन्हा एकदा. कपाळावर घाम आला. मी मनातल्या मनात त्या बाईला म्हणत होते, आज एकदा ऐक गं. आज तरी.

"बोलतायत कुणाशी?" थोरात हळूच म्हणाला.

तेवढ्यात आईच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

आईनं तो काढून लांब धरून पाहिला. "हे बघा. समोर बसून मला फोन लावतायत. दाबला गेला असेल." ती बंद करायला निघाली.

"आई, उचल," मी म्हणाले. माझा आवाज इतका वेगळा आला की तिनं उचलला.

"हॅलो. काय झालं? उतरायचं नाही का? पाणी पाहिजे? छातीत..."

मी तिचं मनगट धरलं. "आई. थांब. काही बोलू नकोस."

"अगं पण..."

"त्यांना पुरं करू दे."

ती थांबली. मला वाटतं, संसारात पहिल्यांदाच थांबली असेल. फोन कानाशी, डोळे काचेपलीकडं. बाबाही तिच्याकडं बघत होते. त्यांचा जबडा हलत होता, गळ्याची शीर ताठ झाली होती. आईच्या ओठांवर शब्द येत होते, दिसत होते मला, आणि ती ते एकेक करून गिळत होती. थोरातनं कशासाठी कोण जाणे, टोपी काढून हातात घेतली.

फोनमधून आवाज आला. मी तिच्या इतकी जवळ होते की मलाही आला. फलाटावरच्या कर्ण्यातून यायचा तसाच, प्रत्येक अक्षर वेगळं, सावकाश.

"शा... लन."

आईनं मनगट सोडवून घेतलं आणि मोकळा हात काचेवर ठेवला. तिला विचारायचं होतं, सांगायचं होतं, चाळीस वर्षांचं साठलं होतं. त्यातलं ती काहीच बोलली नाही. कुणी नावानं हाक मारली की माणूस जी देतो, तेवढी एक ओ तिनं दिली.